मिस्टर डीमॅरेथॉन
(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

समजा तुम्ही बावीस वर्षांचे आहात. मॅरेथॉनला उतरायचंय. मागच्या वर्षी याच शर्यतीत दुसरा नंबर आलाय, या वर्षी पहिला यायची पूर्ण तयारी आहे. आणि शर्यतीआधी डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात, थोडा वेळ ऐकतात, आणि गंभीर चेहरा करून सांगतात की तुझ्या हृदयातून मर्मर ऐकू येतोय. आज दमलास तर मधेच सोडून दे, आणि आजच्यानंतर धावणं बंद कर.

काय कराल?

क्लॅरेन्स डीमार नावाच्या मुलाने सल्ल्याचा पहिला भाग ऐकलाच नाही. तो दमला नाही म्हणा, किंवा दमलाय हे त्याने कुणाला कळू दिलं नाही म्हणा. तो त्या दिवशी जिंकला, तेही शर्यतीचा विक्रम मोडून. सल्ल्याचा दुसरा भाग मात्र त्याने बऱ्यापैकी ऐकला. पुढची जवळजवळ दहा वर्षं. आणि मग? मग जे झालं त्याच्यासाठीच हा लेख आहे.

ही गोष्ट आहे १९११ सालची, अमेरिकेतल्या बोस्टनची. डीमारचा जन्म ७ जून १८८८ चा, ओहायो राज्यातल्या मदीरा गावचा. तो लहान असतानाच वडील वारले. घरात खाणारी तोंडं बरीच आणि कमावणारं कुणी नाही. हा पोरगा सुया, दोरे, साबण असलं सामान घेऊन आसपासच्या वस्त्यांवर पायी फिरून विकायचा. पुढे आई मुलांना घेऊन मॅसॅच्युसेट्समध्ये आली, आणि दहा वर्षांच्या क्लॅरेन्सला तिने बोस्टनच्या बंदरातल्या थॉम्प्सन बेटावरच्या फार्म स्कूलमध्ये ठेवलं. गरीब आणि बापाविना राहिलेल्या मुलांना शेती आणि हातची कामं शिकवणारी ही शाळा. चारी बाजूंनी समुद्र! आपल्या होस्टेलबद्दल तक्रार करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

तिथून सुटल्यावर तो व्हरमाँटमध्ये शेतावर राबला आणि मग व्हरमाँट विद्यापीठात दाखल झाला. फी भरायला पैसे नव्हते म्हणून विद्यापीठाच्याच शेतावर काम करायचा. शेतावरून वर्गात आणि वर्गातून शेतावर, चालत जायला वेळ कुठला? मग धावत. त्याच्या धावण्याची सुरुवात ही अशी, हौसेपोटी नाही तर वेळापत्रकापोटी. क्रॉस-कंट्रीच्या टीममध्ये तो नंतर गेला. पण १९०९ मध्ये आईला हातभार लावायचा म्हणून शिक्षण अर्धवट सोडलं आणि बोस्टनजवळ एका छापखान्यात नोकरी धरली. खिळे जुळवणारा कंपोझिटर. म्हणजे दिवसभर उभं राहून शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलायचं आणि उलट्या ओळी सुलट वाचायच्या. आपल्या पिढीने हे फक्त ऐकलंय. एम.एस. वर्डमध्ये फॉन्ट बदलायला आपल्याला एक क्लिक लागते, त्या काळी फॉन्ट बदलायचा म्हणजे दुसरा खण ओढायला लागायचा.

१९१० मध्ये तो पहिल्यांदा बोस्टन मॅरेथॉन धावला आणि कॅनडाच्या फ्रेड कॅमेरॉनच्या मागे दुसरा आला.

आता या शर्यतीबद्दल थोडं. अथेन्सचं पहिलं ऑलिम्पिक झालं १८९६ मध्ये आणि लगेच पुढच्या वर्षी, १८९७ मध्ये बोस्टनवाल्यांनी आपली मॅरेथॉन सुरू केली. त्या काळी १९ एप्रिलला तिथे पेट्रियट्स डे असायचा, सुट्टी असायची, त्या दिवशी शर्यत. सुरुवातीला ती अ‍ॅशलँड गावापासून निघायची आणि अंतर होतं साधारण साडेचोवीस मैल, म्हणजे ३९ किलोमीटरच्या आसपास. आज आपण जे ४२.१९५ म्हणतो ते अंतर १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमधलं, ते बोस्टनमध्ये यायला वेळ लागला. हे एवढ्यासाठी सांगतेय की पुढे टायमिंग येतील, ती आजच्या टायमिंगशी लावून पाहू नका. दोन्हीचे युनिट्स वेगळे आहेत समजा!

तर १९११ मध्ये डीमारने ही शर्यत २ तास २१ मिनिटे ३९ सेकंदांत जिंकली. आधीचा विक्रम १९०७ चा, टॉम लाँगबोट या कॅनडाच्या धावपटूचा, २ तास २४ मिनिटे २४ सेकंदांचा. पावणेतीन मिनिटांनी मोडला. आणि हे सगळं त्या 'खराब' हृदयावर.

पुढच्याच वर्षी स्टॉकहोमचं ऑलिम्पिक. डीमार अमेरिकेच्या संघात होता. पण तिथली शिस्त, प्रशिक्षकांनी ठरवून दिलेला व्यायाम हे त्याला मुळीच मानवलं नाही. तो आपापला धावणारा माणूस. शर्यतीच्या दिवशी ऊन भयंकर होतं, निम्म्याच्या आसपास धावपटू मधेच गळाले. डीमार बारावा आला. आणि त्याच शर्यतीत पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो रस्त्यात कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. आधुनिक ऑलिम्पिकच्या शर्यतीत जीव गमावलेला तो पहिला खेळाडू. लाझारो बळी पडला तो उष्णतेला, हृदयातल्या मर्मरला नाही. तरीही ज्याला वर्षभरापूर्वी डॉक्टरांनी हृदयाबद्दल बजावलंय त्या माणसाला ही बातमी ऐकून काय वाटलं असेल? हा माझा अंदाज आहे, पण मला नाही वाटत की ती गोष्ट तो सहज विसरला असेल.

परत आल्यावर त्याने धावणं बाजूला ठेवलं.

हे दहा वर्षांचं प्रकरण बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकतात. डॉक्टरांनी घाबरवलं म्हणून थांबला, आणि मग हिंमत करून परत आला. सिनेमाला बरं आहे. पण खरं एवढं सरळ नव्हतं. कारणं तीन-चार होती आणि सगळी एकमेकांत गुंतलेली.

एक तर डॉक्टर. दुसरं शिक्षण. अर्धवट राहिलेलं शिक्षण त्याला टोचत होतं. दिवसभर छापखाना आणि संध्याकाळी हार्वर्डचे नोकरदारांसाठीचे वर्ग, असं करत त्याने १९१५ मध्ये हार्वर्डची असोसिएट इन आर्ट्स ही पदवी मिळवली. (रात्री सबमिशनची फाईल लिहून सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला पोचणाऱ्यांना यातलं 'दुःख' थोडंफार कळेल. थोडंफारच.) तिसरं कारण त्याची श्रद्धा. तो बॅप्टिस्ट पंथाचा, चर्चमधल्या रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायचा, स्काउटच्या पोरांना घेऊन भटकायचा. शर्यत जिंकणं, आपलं नाव पेपरात येणं, त्याचा अभिमान वाटणं हे सगळं देवाच्या माणसाला शोभतं का, असा त्याला खरंच प्रश्न पडला होता.

माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे हा तिसरा मुद्दा मला जरा जवळचा वाटतो. आमच्याकडे स्पोर्ट्स डेच्या आदल्या दिवशी असेंब्लीत हमखास सांगायचे की गर्व करू नये, जे जमलं ते देवाने दिलं. आम्ही मान डोलवायचो आणि दुसऱ्या दिवशी मेडल घालून तीन तास शाळाभर फिरायचो. डीमारने ती गोष्ट खरीच मनावर घेतली, एवढाच फरक.

तरी पूर्ण बंद असंही नव्हतं. १९१७ मध्ये मधेच एकदा बोस्टनला उतरला आणि तिसरा आला! सराव असा फारसा नाही, आणि तिसरा. मग पहिलं महायुद्ध, लष्करात भरती, युरोप. १९२० मध्ये अँटवर्पला ऑलिम्पिक झालं तेव्हा हा नव्हता. आपले लोक मात्र होते, हे फार थोड्यांना माहिती असतं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने आणि दोराबजी टाटांनी पुढाकार घेऊन जो संघ पाठवला त्यातले बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. सदाशिव दातारही त्याच शर्यतीत होते, त्यांची शर्यत मात्र पूर्ण झाली नाही. डीमार त्या काळात बोस्टनमध्ये खिळे जुळवत होता.

इथे थोडं विषयांतर करते, कारण मी हा माणूस शोधून काढला तो काही लायब्ररीत नाही. माझे बाबा कॉलेजात असताना पाच हजार मीटर धावायचे. मग नोकरी, लग्न, मी, माझा भाऊ, होम लोन. बावीस वर्षं बूट माळ्यावर. मागच्या वर्षी त्यांच्या ऑफिसमधले लोक हाफ मॅरेथॉनची नावं द्यायला लागले आणि बाबांनी घरात विषय काढला. आईचं म्हणणं, बी.पी.ची गोळी चालू आहे, या वयात हे काय नवीन? आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही तपासायच्या आधीच हात झटकले, आता कशाला पळताय, चाला की सुखाने. दोन्ही बाजूंनी मला सांगण्यात आलं की तू इंजिनिअर होतेयस ना, बघ जरा नेटवर काय म्हणतात. म्हणून बघायला बसले, आणि डीमार सापडला.

पहिला प्रश्न मला पडला तो मर्मरचा. हे आहे तरी काय? तर वाचून जे समजलं ते असं. हृदयातून रक्त वाहताना एरवी आवाज होतो तो झडपा बंद होण्याचा, लब-डब. प्रवाह खळाळला, म्हणजे आपल्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या भाषेत लॅमिनारचा टर्ब्युलंट झाला, तर मधे अजून एक सळसळ ऐकू येते. झडप नीट उघडत नसेल, गळत असेल तर असं होतं, आणि ते काळजीचं आहे. पण झडप ठणठणीत असूनही असं होऊ शकतं. सतत धावणाऱ्या माणसाचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर फेकतं. त्याच पाइपातून जास्त प्रवाह गेला की वेग वाढतो, रेनॉल्ड्स नंबर वाढतो, आवाज येतो. म्हणजे आवाज तोच, कारणं दोन, एक आजाराचं आणि एक तब्येतीचं! १९११ मध्ये हे दोन वेगळे करायला डॉक्टरकडे स्टेथोस्कोप आणि स्वतःचा कान याशिवाय जवळजवळ काही नव्हतं. वर त्या काळी खेळाडूचं हृदय वाढतं म्हणजे ते बिघडतं अशीच समजूत पक्की होती. त्यामुळे त्या डॉक्टरांना मूर्ख ठरवायला मी तयार नाही. हातात व्हर्नियर नसताना पट्टीने मोजलं, एवढंच.

(ते डॉक्टर पुढे एक-दोन वर्षांत स्वतःच हृदयविकाराने गेले आणि डीमार गमतीने म्हणायचा की त्यांनी चुकून स्वतःचंच हृदय ऐकलं असावं, असा एक किस्सा सांगतात.)

बाबांची गोष्ट सांगून टाकते म्हणजे उत्सुकता नको. आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी टू-डी इको आणि स्ट्रेस टेस्ट दोन्ही करायला लावल्या, मग गोळीचा डोस बदलून दिला आणि आधी तीन महिने फक्त चालायचं अशी अट घातली. आता बाबा सकाळी पाच किलोमीटर करतात. आई अजून काही बोलत नाही, पण नाश्ता आता आधी तयार असतो. असो.

तर १९२२. डीमार आता ३३ वर्षांचा. त्या काळच्या हिशेबाने धावपटू म्हणून संपलेला. त्याने पुन्हा सराव सुरू केला म्हणजे काय केलं? तर कामावर धावत जायला लागला. घर एकीकडे, छापखाना बोस्टनमध्ये, रोज जायचं आणि यायचं आहेच, मग ट्रॅमचे पैसे कशाला? अंगावर जुने कपडे आणि हातात कोरडा धुतलेला सदरा. कामाला पोचलं की सदरा बदलायचा आणि खणापाशी उभं राहायचं. व्हरमाँटच्या त्या शेतावरची युक्ती बारा-तेरा वर्षांनी परत बाहेर काढली. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त मजा वाटते. या माणसाने धावण्यासाठी वेळ 'काढला' नाहीच. जो वेळ नाहीतरी जाणार होता त्यातच धावणं बसवलं.

१९ एप्रिल १९२२. २ तास १८ मिनिटे १० सेकंद. पहिला नंबर आणि पुन्हा शर्यतीचा विक्रम! आदल्या वर्षी फ्रँक झूनाने २ तास १८ मिनिटे ५७ सेकंदांचा विक्रम केला होता, तो मोडला. पण मला तो आकडा महत्त्वाचा वाटत नाही. अ‍ॅशलँडपासूनच्या त्या साडेचोवीस मैलांत बावीस वर्षांच्या डीमारपेक्षा तेहेतीस वर्षांचा डीमार साडेतीन मिनिटांनी पुढे होता. हे वाचून मी कॅल्क्युलेटरवर परत वजाबाकी केली.

मग १९२३ मध्ये परत पहिला. १९२४ मध्ये शर्यत लांब केली, सुरुवात अ‍ॅशलँडहून मागे हॉपकिंटनला नेली, तरी परत पहिला. सलग तीन. पेपरवाल्यांनी आडनावाची फोड करून मिस्टर डीमॅरेथॉन असं नाव पाडलं ते याच काळातलं.

आणि १९२४ चं पॅरिस ऑलिम्पिक. बारा वर्षांनी पुन्हा ऑलिम्पिकची मॅरेथॉन. वय ३६. या वेळी डीमार तिसरा आला, ब्राँझ, २ तास ४८ मिनिटे १४ सेकंद. इटलीचा रोमिओ बेर्तिनी त्याच्यापेक्षा मिनिटभर आधी. आणि सुवर्णपदक कुणाला? फिनलंडच्या अल्बिन स्टेनरूसला, वय ३५! तोही १९१२ च्या स्टॉकहोमला होता, तिथे १०,००० मीटरमध्ये त्याला ब्राँझ मिळालं होतं, आणि मॅरेथॉनकडे तो कित्येक वर्षांनी वळला होता. म्हणजे त्या दिवशीच्या तीन पदकांपैकी दोन पदकं 'आता कशाला' म्हणण्याच्या वयातल्या माणसांनी नेली. याच शर्यतीत भारताचे महादेव सिंगही धावले आणि २९ वे आले. ५८ जण निघाले होते त्यातले ३० च पोचले, त्यामुळे २९ वा नंबर ऐकून हसू नका.

मग तो हरायला लागला. १९२५ मध्ये शिकागोच्या चार्ल्स मेलरने त्याला अवघ्या ३७ सेकंदांनी हरवलं. १९२६ मध्ये तर मजाच झाली. सगळे म्हणत होते की डीमार विरुद्ध स्टेनरूस अशी लढत होणार, आणि नोव्हा स्कोशियाहून आलेला जॉनी माइल्स नावाचा वीस वर्षांचा अनोळखी पोरगा दोघांनाही मागे टाकून निघून गेला. स्टेनरूस दुसरा, डीमार तिसरा. माइल्सची वेळ इतकी चांगली होती की नंतर रस्ता मोजला गेला आणि तो थोडा कमी भरला. (सर्व्हेइंगवाल्या मित्रांनो, तुमच्या विषयाला किती महत्त्व आहे बघा!)

झालं, म्हातारा संपला असं ठरलं. १९२७ चा दिवस उन्हाचा होता, रस्त्यावरचं डांबर वितळलं होतं. पातळ तळव्याचे बूट घातलेला माइल्स पायांची वाट लागून लवकरच बाहेर पडला. डीमार ३८ वर्षांचा. पहिला. १९२८ ला परत पहिला. १९२९ ला माइल्सने हिशेब चुकता केला. आणि १९३० मध्ये ४१ व्या वर्षी डीमार सातव्यांदा बोस्टन जिंकला, २ तास ३४ मिनिटे ४८ सेकंदांत. बोस्टनच्या पुरुषांच्या मुख्य शर्यतीत सात विजय आजवर दुसऱ्या कुणाचे नाहीत, आणि त्याच्याइतक्या वयाचा विजेताही नाही. सातपैकी सहा विजय त्या सुट्टीच्या नंतरचे आहेत हे लक्षात घ्या.

आता तुम्हाला वाटेल, किती गोड माणूस असेल! तर नाही. डीमार चांगलाच तिरसट होता. शर्यतीत कुणी शेजारी धावायला लागलं, सायकल किंवा मोटार जवळ आणली, खांद्यावर थाप मारली की त्याचं डोकं फिरायचं, आणि मधे आलेल्या बघ्यांना त्याने ठोसे लगावल्याचेही किस्से आहेत. बोलणंही तोडून. मला ते आवडलं खरं तर. चरित्र वाचताना माणूस फारच गुणी निघाला की मला संशय येतो.

आणि पैसा? शून्य. त्या काळी हौशी खेळाडूंचे नियम कडक, पैसे घेतले की बाद. मेडल मिळायचं, चषक मिळायचा, आणि मग आपल्या नोकरीवर परत जायचं. तो आयुष्यभर छापखान्याचाच माणूस राहिला. खिळेजुळणी केली, वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली. १९२९ च्या सुमारास न्यू हॅम्पशायर राज्यातल्या कीन गावच्या शिक्षक प्रशिक्षण कॉलेजात छपाई शिकवायला लागला, तिथल्या मुलांना धावायलाही शिकवलं. लग्नही चाळिशीच्या आसपास केलं. १९३४ मध्ये बोस्टन विद्यापीठाची मास्टर्स डिग्री घेतली, ४६ व्या वर्षी. १९३७ मध्ये 'मॅरेथॉन' याच नावाने आत्मचरित्र लिहिलं. के.टी. लागली म्हणून आयुष्य संपलं असं म्हणणारे माझ्या बॅचला काही जण आहेत, त्यांची नावं घेत नाही.

मधल्या काळात शास्त्रज्ञांचंही लक्ष त्याच्याकडे गेलं होतं. १९२७ मध्ये हार्वर्डमध्ये 'फटीग लॅबोरेटरी' सुरू झाली. फटीग म्हटलं की आपल्याला एस-एन कर्व्ह आठवतो, पण ही माणसाच्या थकव्याची प्रयोगशाळा, बिझनेस स्कूलच्या तळघरात. तिथे ट्रेडमिलवर डीमारला पळवून तपासलं. इतर लोक ज्या वेगाला धापा टाकायचे त्या वेगाला याच्या रक्तात लॅक्टिक अ‍ॅसिड वाढतच नव्हतं म्हटलं तरी चालेल.

१९३० नंतर तो बोस्टन कधीच जिंकला नाही. पण धावत राहिला, अजून चोवीस वर्षं! दहावा, विसावा, पन्नासावा. नवी नवी पोरं पुढे जायची. ज्याने स्वतःचे विक्रम रचले आणि मोडले त्याच रस्त्यावर दरवर्षी जास्त वेळ घेऊन धावायचं, लोक ओळखतात, टाळ्या वाजवतात, आणि तुम्ही मात्र ७८ वे. खरं सांगू, १९२२ पेक्षा मला हे कठीण वाटतं. सहा विजयांच्या ओढीने परत येणं समजू शकतं. मला शाळेत ८०० मीटरमध्ये नंबर यायचा, बारावीच्या क्लासेसमध्ये ते सुटलं, आणि नंतर परत जावंसं वाटलं नाही याचं एक कारण हेच आहे की आता मी शेवटच्या चारांत असेन. डीमारला ती पर्वा नव्हती. गर्व नको म्हणून एकेकाळी ज्याने शर्यती सोडल्या त्याला त्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक अशा मागच्या नंबरांत सापडलं असावं. हेही माझंच म्हणणं, त्याने असं कुठे लिहिलंय असा माझा दावा नाही.

७८ वा नंबर मी उगाच नाही लिहिला. १९५४ ची बोस्टन मॅरेथॉन, त्याची शेवटची, वय ६५, नंबर ७८ वा. तोपर्यंत ही शर्यत तो तीसहून जास्त वेळा धावला होता. १९५७ मध्ये मेन राज्यातल्या बाथ गावी १५ किलोमीटरची एक शर्यत धावला. तेव्हा त्याला कॅन्सर होता. ११ जून १९५८ ला मॅसॅच्युसेट्समधल्या रीडिंग गावी तो गेला, सत्तरावा वाढदिवस होऊन चारच दिवस झाले होते.

ज्या हृदयाने त्याला दहा वर्षं थांबवलं ते मृत्यूनंतर उघडून पाहिलं गेलं. जेम्स करन्स आणि पॉल डडली व्हाइट या दोन डॉक्टरांनी १९६१ मध्ये त्याचा अहवाल न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापला. यातले व्हाइट म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅक आला तेव्हा त्यांच्यावर उपचार करणारे. त्यांना काय सापडलं? झडपा चांगल्या. आणि हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या ज्या कॉरोनरी धमन्या, त्यांचा व्यास सर्वसाधारण माणसाच्या दुप्पट ते तिप्पट. वयाप्रमाणे आतून थोडं चरबीचं किटण चढलं होतं, पण पाइपच एवढा रुंद की त्याने वाट अडलीच नव्हती.

आता सेकंड इयरला आपण सगळ्यांनी घोकलेलं पॉयझोईचं सूत्र आठवा. दाबातला फरक तोच ठेवला तर नळीतला प्रवाह व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. व्यास दुप्पट, तर प्रवाह सोळापट. तिप्पट, तर एक्याऐंशीपट! अर्थात रक्तवाहिनी म्हणजे लॅबमधली काचेची नळी नाही, प्रवाह किती जाऊ द्यायचा हे पुढच्या बारीक वाहिन्या ठरवतात, त्यामुळे डीमारच्या हृदयाला एक्याऐंशीपट रक्त मिळत होतं असं कुणी व्हायव्हात सांगू नका. पण व्हाल्व्हसमोर थोडा गाळ साचला तर अर्ध्या इंची पाइप आणि दीड इंची पाइप यात काय फरक पडतो हे कुठलाही प्लंबर सांगेल.

धावल्यामुळे धमन्या रुंद झाल्या की जन्मतःच रुंद होत्या म्हणून तो एवढा धावू शकला? एका हृदयावरून हे ठरवता येत नाही. आईने मला हाच प्रश्न विचारला होता, मी तिला हेच सांगितलं. सॅम्पल साइज एक.

कीन गावात १९७८ पासून त्याच्या नावाने मॅरेथॉन होते. शर्यत गिल्सम गावातून निघते आणि शेवटची रेषा असते कीन स्टेट कॉलेजात. ज्या कॉलेजात तो पोरांना छपाई शिकवायचा, तेच हे कॉलेज.